सव्वा मिनिटात रिकामी झालेली टाकी

संपादकांनी कळवलं, "सेवाकाळातला एखादा अभिमानाचा प्रसंग लिहा." आता अभिमानाचे जेवढे होते तेवढे मी निवृत्तीच्या सत्कारात एकाच भाषणात संपवून टाकले. पुढच्या रांगेतले दोघे त्यातच झोपले. माझ्याकडे आता शिल्लक आहे ती फजिती. ती मात्र मी जपून ठेवली आहे, कारण ती सांगताना अजून कुणी झोपलेलं नाही.

मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात जन्मभर गणित शिकवलं. नातीला वाटतं, आजीला सगळे घाबरायचे. खरं सांगायचं तर मुलं माझ्या पाठीला घाबरायची, कारण त्यांनी माझं तोंड फारसं बघितलंच नव्हतं. वर्गात शिरायचं, खडू उचलायचा, फळ्याकडे वळायचं आणि घंटा होईपर्यंत लिहीत राहायचं. माझं अक्षर मोत्यासारखं होतं. असं लोक म्हणायचे, आणि लोक विसरले की मी आठवण करून द्यायचे. फळा पुसायच्या आधी दोन पावलं मागं सरून मी त्याच्याकडे बघायची, रांगोळी काढून झाल्यावर बघतात तसं. मग मान न वळवता विचारायची, "समजलं?" मागून कोरस यायचा, "हो मॅडम!" झालं शिक्षण.

पन्नाशीला टेकलेली, इस्त्रीच्या कडक साडीतली, उजव्या बाहीला खडू लागू नये म्हणून पदर खोचून उभी असलेली ही बाई आज मला रस्त्यात भेटली, तर मी तिला हाक मारून म्हणेन, "अगं बये, एकदा मागं वळून तरी बघ!"

ते दिवस मोठे गमतीचे होते. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. गावोगावचे एसटीडी बूथ रातोरात सायबर कॅफे होत होते. ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर. आमच्या संस्थेची नेकनूरला एक शाळा होती. तिथल्या एका खोलीत संस्थेनं मुलींसाठी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा वर्ग काढला. अकरा मुली. बारावी झालेल्या, पण एसटीनं रोज बीडला जायला घरून परवानगी नसलेल्या. बाकीचे विषय शिकवायला तिथं माणसं मिळाली. गणिताला कुणी टिकेना. एक आले ते पंधरा दिवसांत गेले, दुसरे आलेच नाहीत. मग ठरलं की गणित अंबाजोगाईहून शिकवायचं. तारेवरून.

शिकवणार कोण? मोत्यासारखं अक्षर कुणाचं?

आमच्या कॉम्प्युटर विभागाचे मोमीन सर एक दिवस मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. हा माणूस इतका शांत होता की कॉम्प्युटर बंद पडला तरी आधी त्याची विचारपूस करायचा. आधी त्यांनी मला माउसनं लिहायला लावलं. मी जिवाच्या करारानं इंटिग्रेशनचं चिन्ह काढलं. नेकनूरहून फोनवर आवाज आला, "म्याडम, हा साप कशाला काढला?"

मग ती आली. जाडजूड वहीएवढी, काचेच्या तोंडाची. सोबत एक पेन. टॅब्लेट म्हणायचं तिला, पण आम्ही सगळे पाटीच म्हणायचो. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या पेनात शाई नसते. काचेवर टेकवून लिहिलं की अक्षर काचेत उमटतं, आणि टेलिफोनच्या तारेवरून तेच अक्षर नेकनूरच्या पाटीवर, एखाद-दोन क्षण उशिरा. त्या पाटीला जोडलेला एक मोठा पडदा होता, त्यावर अकराही जणी बघायच्या. बोलायला दुसरा फोन, त्याचा आवाज डब्यातून मोठा व्हायचा. चेहरे दिसायचे नाहीत. गणित टाइप करता येत नाही हो. ते हातानंच लिहावं लागतं, एकेक पायरी, थांबत, खोडत. ते खोडणंसुद्धा मुलींना दिसायचं, आणि तास संपल्यावर सगळी पानं त्यांच्याकडे राहायची. फळा एकदा पुसला की गेला. ही पाटी मात्र काही विसरत नव्हती.

पहिल्या तासाला मी अर्धा तास शिकवलं. घामाघूम झाले. काचेवर काही उमटत नव्हतं, पण मला वाटलं माझ्याकडे नाही उमटत, तिकडे उमटत असेल. तारेवरून जातंय ना! मोमीन सर दारातून डोकावले. बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, पेन उलटं आहे. त्या बाजूनं खोडायचं असतं." म्हणजे अर्धा तास मी कोरं पान अत्यंत सुवाच्य अक्षरात पुसत होते. आणि नेकनूरच्या अकरा मुली दर पाच मिनिटांनी मला म्हणत होत्या, "हो म्याडम."

हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

सवयी काय, हाडात असतात. काचेवर मी फुंकर मारायची, खडूची भुकटी उडवायला. पान संपलं की पदरानं काच पुसायची आणि अक्षरं तशीच राहिली म्हणून चिडायची. दोन पावलं मागं सरून रांगोळी बघायला जायची, तर खुर्ची पडायची. पण आठ-दहा दिवसांत हात बसला. मी तरंगायला लागले. मालकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, भुसार मालाच्या दुकानात जाऊन सांगून आले की आता मी एकाच वेळी दोन गावांत असते. मालक ज्वारीच्या पोत्यावर हात टेकून म्हणाले, "मग सैपाक कोणत्या गावात व्हनार?"

मोमीन सरांनी मग सुचवलं, की दर तासाला पाच-दहा मिनिटं नेकनूरलाही पेन द्यावं. त्यांच्याकडेही पाटी आहे, तिथून लिहिलं की ते माझ्या पानावर उमटेल.

"माझ्या पानावर?" मी म्हटलं.

"त्यांच्याही पानावर, मॅडम. एकच पान आहे."

मला ते पटलं नाही, पण प्रयोग म्हणून हो म्हटलं. दुसऱ्याच दिवशी मी एक पायरी गाळून पुढं गेले, आणि माझ्या निळ्या मोत्यांभोवती कुणाचं तरी वेडंवाकडं लाल वर्तुळ उमटलं. शेजारी लिहिलेलं, 'हे कसं आलं?'

लाल!

मोमीन सरांनी दोन पाट्यांना दोन रंग दिले होते, कोण लिहितंय ते कळावं म्हणून. पण मला काय त्याचं? लाल शाई ही मास्तरांची. माझ्या बापजन्मात कुणी माझ्या अक्षराला लाल शाई लावली नव्हती. मी फोनवर विचारलं, "कुणी केलं हे?"

बारीक आवाज आला. "मी, म्याडम. रुबिना."

"लाल शाई शिक्षकाची असते. आधी शिका, मग शिकवा. ठेव ते पेन खाली."

पेन खाली ठेवलं गेलं. पुढं दोन-तीन आठवडे नेकनूरचं पेन कुणी उचललं नाही. वर्गात कशी शांतता आली बघा, म्हणून मी स्टाफरूममध्ये मिरवले. पायरी मी खरोखरच गाळली होती, हे मी रुबिनाला सांगितलं नाही. ते आज इथं सांगते आहे. लई उशीर झाला, पण नोंद असू द्यावी.

ह्या रुबिनाचे वडील, शफीकभाई, नेकनूरला पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. वीज गेली की जीपची बॅटरी आणून नेकनूरची पाटी तेच चालू ठेवायचे. वर्ग सुरू झाला तेव्हा मोमीन सरांना ते एवढंच म्हणाले होते, "सर, वर्ग गावात हाय तवर पोरगी शिकल. गाव सुटलं की शाळा सुटली." बाकीच्या दहा घरांचंही तेच होतं, फक्त कुणी एवढं स्वच्छ बोललं नव्हतं.

आणि दसऱ्याच्या तोंडावर बातमी आली की संस्थेचे अध्यक्ष अण्णा वर्ग बघायला येणार. अण्णा कापडाचे व्यापारी. शिक्षण सातवी, पण कापडाला बोट लावून गिरणी सांगायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "पोरी नुसत्या 'हो हो' करत्यात म्हनं. नुसतं हो म्हनायला मशीन कशाला पाह्यजे? बघतो एक तास. जमत नसंल तर दिवाळीला बंद. ज्याला शिकायचं तो येईल हितं." तसं येता आलं असतं तर हा वर्ग काढावाच लागला नसता, हे अण्णांना कुणी सांगायचं?

मी म्हटलं, काळजी नको. असा तास घेते की अण्णा उठून टाळ्या वाजवतील. सराव करायला म्हणून मी दसऱ्याच्या सुट्टीत पाटी घरी आणली.

तिथंच पाय घसरला.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. दुकानातला काटा, मापं, पोती शिवायचा दाभण, सगळं पाटावर. माझी दरवर्षी खडूची पेटी आणि डस्टर असायचं. त्या वर्षी मी तेच ठेवायला गेले तर मालक म्हणाले, "औंदा हे कावून? तुझं हत्यार आता ती पाटी हाय की."

पाटी आली पाटावर. मालकांनी कुंकू ओलं केलं. मी म्हटलं, "अहो, झाकणाला लावा." मालक म्हणाले, "पाठीला कुंकू लावत्यात व्हय? तोंड कुठंय हिचं?" आणि झाकण उघडून, काचेच्या बरोब्बर मधोमध, अंगठ्याएवढा टिळा. नारळ तरी तिच्यापासून लांब फोडा, एवढं मी पदरात पाडून घेतलं. पूजा झाल्यावर काच ओल्या फडक्यानं पुसली. पुसली असं मला वाटलं. चष्मा दुसऱ्या खोलीत होता.

सुट्टी संपली आणि अण्णा आले. पांढरं धोतर, काळी टोपी, माझ्या उजव्या हाताला खुर्ची टाकून बसले. डाव्या हाताला मोमीन सर. मी नवी साडी नेसले होते. नेकनूरला कुणाला दिसणार नव्हती, पण मन म्हणून काही असतं की नाही!

फोन लागला. पलीकडून कळलं की वीज गेली आहे आणि शफीकभाई बॅटरी लावून तिथंच बसले आहेत. मी गणित मुद्दाम पाण्याचं निवडलं होतं. बीड जिल्ह्यात पाण्याचं गणित सगळ्यांनाच कळतं. टाकीत शंभर सेंटीमीटर पाणी आहे. खालची तोटी सोडली. पंचवीस मिनिटांनी चौसष्ट सेंटीमीटर उरलं. तर टाकी पूर्ण रिकामी किती वेळात होईल?

"सोपंय," अण्णा मध्येच म्हणाले. "पंचवीस मिनिटाला छत्तीस. म्हंजे सत्तरच्या आत-भायर."

"नाही अण्णा," मी गोड हसले. "पाणी कमी होतं तशी धार बारीक होते. म्हणून जास्त वेळ लागतो. कॅल्क्युलस त्यासाठीच असतं."

अण्णांनी मान डोलावली. मला स्वर्ग दोन बोटं उरला. मी लिहीत गेले, निळं, मोत्यासारखं. उंचीचं वर्गमूळ सारख्या गतीनं कमी होतं. शंभराचं दहा, चौसष्टाचं आठ. पंचवीस मिनिटांत दोन कमी झाले, तर दहा कमी व्हायला किती? लिहिलं १२५. आणि खाली रेघ मारायच्या आधी, आपलं कौतुक कुठवर आलंय ते बघायला, मी अण्णांकडे मान वळवली.

मान परत आली तेव्हा काचेवर होतं १.२५.

आता कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी म्हटलं, "तर मुलींनो, उत्तर, सव्वा मिनिट! समजलं?"

"हो म्याडम."

अण्णांनी टोपी सरळ केली, गुडघ्यावर हात ठेवले. उठायची तयारी. "चला," ते मोमीन सरांना म्हणाले, "बघितलं. हो म्याडम, हो म्याडम. देवळातल्या आरतीसारखं."

मोमीन सर पाटीकडे बघत होते.

पाटीवर लाल रेघ उमटत होती. हळूहळू, थरथरत. माझ्या उत्तराभोवती एक वर्तुळ झालं. पुरं व्हायच्या आधी एकदा थांबलं. मग पुरं झालं. शेजारी एक प्रश्नचिन्ह.

माझी कानशिलं तापली. अण्णांसमोर! "कोण आहे?" मी म्हटलं.

फोनवर नुसती खरखर. मग लांबून एक पुरुषाचा आवाज आला, "बोल ना बेटी. डर कायकू? पेन उठाया ना, अब बोल."

"म्याडम, मी रुबिना." आवाज कापत होता. "पंचवीस मिनिटांनी तर अजून चौसष्ट सेंटीमीटर पानी हाय. मग सव्वा मिनिटात टाकी रिकामी कशी व्हती?"

"डोळे उघडून बघ. एकच्या पुढं टिंब आहे."

"न्हाई म्याडम. टिंब न्हाई."

"आहे!"

"न्हाई म्याडम," आता दोन-तीन आवाज एकदम आले. "हितं एकशे पंचवीस हाय."

मी चष्मा सरळ केला. टिंब होतं. लख्ख होतं. लालसर होतं, पण त्या भरात मला सगळंच लाल दिसत होतं. मी पेन उलटं केलं, ह्या वेळी मुद्दाम, आणि घासलं. एक गेला. दोन गेला. पाच गेला. टिंब राहिलं.

मी पुन्हा घासलं. टिंब ढिम्म.

अण्णा पुढं वाकले. आयुष्यभर कापड पारखलेलं बोट त्यांनी जिभेला लावलं आणि काचेवरून फिरवलं. मग ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. बोट लाल. कुंकवानं.

"बाई," अण्णा म्हणाले, "हे गनित तुमचं का मालकाचं?"

मोमीन सर, ज्यांना मी कधी मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं, ते टेबलाला धरून खाली बसले. नेकनूरहून "काय झालं म्याडम? काय झालं?" सुरू झालं. आता लपवून काय करणार? मी सांगितलं. खंडेनवमी, पाट, मालक, अंगठा, सगळं. आणि मग त्या डब्यातून अकरा पोरी जे हसल्या! डबा थडथडायला लागला. त्यात एक पुरुषी हसू होतं, ते शफीकभाईंचं. अण्णा हसता हसता टोपीनं डोळे पुसत होते. आणि मी? मी सगळ्यांत जास्त हसत होते, पण डोळे त्या लाल वर्तुळावर होते. ह्या पोरीला मी म्हटलं होतं, ठेव ते पेन खाली. तिनं आज ऐकलं असतं तर? बापानं नसतं म्हटलं, बोल ना बेटी, तर? टाकी सव्वा मिनिटात रिकामी झाली असती, अण्णा उठले असते, आणि अकरा पोरी मोत्यासारख्या अक्षरात घरी बसल्या असत्या.

हसू ओसरल्यावर अण्णा फोनकडे तोंड करून ओरडले. फोनवर ओरडावंच लागतं अशी त्यांची ठाम समजूत होती. "ए पोरी! बाईची चूक काढायला भ्यालीस का न्हाई?"

"लई भ्याले."

"मग कावून काढली?"

आवाज आला, "टाकी भरलेलीच दिसत व्हती, साहेब."

अण्णा माझ्याकडे वळले. "आमच्या दुकानात गिऱ्हाईक नुसतं 'हो हो' म्हनलं की समजावं, हे काय घेत न्हाई. आन जे म्हनतं, हितं सूत तुटलंय, ते घ्यायला आलंय. ऱ्हाऊ द्या वर्ग." आणि दारातून परत वळून म्हणाले, "मालकाला सांगा, दुकान सांभाळा."

त्या दिवशी तास संपायच्या आत मी नेकनूरला सांगितलं की मागच्या महिन्यात मी एक पायरी गाळली होती. ती कोणती, ते आता पेन उचलून तुम्हीच दाखवा. त्यांनी दाखवली. आणखी दोन दाखवल्या. त्या मला माहीतच नव्हत्या.

पुढं माझी पानं काही सुंदर राहिली नाहीत. निळ्यावर लाल, लालवर निळं, मध्येच कुणीतरी काढलेली टाकी आणि तिच्याखाली बादली. 'हो म्याडम' ऐकू आलं की मी म्हणायची, "हो नको. चूक काढा." आणि मुद्दाम एखादी चूक ठेवायची. बहुतेक वेळा मुद्दाम ठेवायची गरजच पडली नाही. पुढं फळ्यावर शिकवतानाही मी एक ओळ लिहून मागं वळायला शिकले. तिथं मुलं होती! वर्षानुवर्षं होती म्हणे.

त्या अकराजणी दुसऱ्या वर्षाला गेल्या, वर्ग तसाच, गावातच. खंडेनवमी आली. ह्या वेळी मी पाटी घरी नेली नाही. मालकांना खडूची पेटी देऊन गप्प केलं. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मी पेन टेकवणार, तोच माझ्या कोऱ्या पानावर लाल रेघा यायला लागल्या. आधी नारळ. मग झेंडूची फुलं, पाकळ्या मोजून. मग रुबिनाचा आवाज, आता अजिबात न कापणारा.

"म्याडम, आमीबी आमच्या पाटीची पूजा केली. मुलींनी कुंकू लावलं, अब्बांनी बॅटरीला हार घातला."

"आणि कुंकू कुठं लावलं?"

"पाठीला, म्याडम. तोंड साफ हाय."

मी पेन नीट बघितलं, सुलटं असल्याची खात्री केली, आणि त्या लाल नारळाशेजारी निळ्या शाईत लिहिलं, 'बरोबर.'